जुना लष्करी मालट्रक : घेतल्यावर करावयाची देखरेख व दुरुस्ती

यंत्र जुनें झालें म्हणजे तें निरुपयोगी झालें, असा एक समज आहे. आणि लष्करासाठीं बांधलेलें यंत्र कधीं दगा देत नाहीं, असा दुसरा. दोन्ही समज चुकीचे आहेत. परंतु त्यांपैकीं दुसरा अधिक घातक होय. पहिल्यामुळें फार तर एक चांगलें यंत्र भंगारांत जाईल. दुसऱ्यामुळें मनुष्याचा हात, पाय किंवा जीवही जाण्याचा संभव असतो. दुसऱ्या महायुद्धांतील मालट्रकांचें वय आज ऐंशी वर्षांच्या घरांत गेलें आहे. अमेरिकेंत व युरोपांत हौशी लोक असे ट्रक अजूनही विकत घेतात, दुरुस्त करतात आणि चालवितात. आपल्याकडे असा ट्रक हातीं येण्याचा प्रसंग विरळा. तथापि जुनी जीप, जुना ट्रॅक्टर किंवा वर्षानुवर्षें छपराखालीं उभें असलेलें इंजिन पुष्कळांच्या वाड्यांत असतें. पुढील विवेचन एका विशिष्ट ट्रकास धरून केलें असलें, तरी त्यांतील बहुतेक नियम या सर्वांसच लागू आहेत.

ट्रकाची ओळख

येथें जो ट्रक उदाहरणादाखल घेतला आहे तो अमेरिकन बनावटीचा जी. एम. सी. कंपनीचा अडीच टनी, सहा चाल-चाकांचा ट्रक होय. त्याचें कारखान्यांतील नांव सी. सी. के. डब्ल्यू. असें आहे. या अक्षरांस अर्थ आहे : पहिला ‘सी’ म्हणजे १९४१ सालचा नमुना, दुसरा ‘सी’ म्हणजे साधी, इंजिनामागें बसविलेली चालकाची खोली, ‘के’ म्हणजे पुढील चाकांसही इंजिनाची चालना, आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे मागील दोन्ही अॅक्सलांस चालना. १९४१ ते १९४५ या काळांत या घराण्याचे साडेपांच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले. १९४४ सालीं २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्यें पुढें सरकणाऱ्या अमेरिकन सैन्यास रात्रंदिवस पेट्रोल व दारूगोळा पोंचविण्याचें जें प्रसिद्ध काम झालें, त्याचा मोठा भार याच ट्रकांनीं वाहिला. आपल्या देशाशींही त्यांचा संबंध आला. आसामांतील लेडो येथून निघून ब्रह्मदेशांतून चीनकडे जाणाऱ्या रस्त्यावरून पहिला तांडा १२ जानेवारी १९४५ रोजीं निघाला व ४ फेब्रुवारीस कुनमिंग येथें पोंचला. त्या रस्त्यावरही या जातीचे ट्रक धांवत होते.

इंजिन पेट्रोलवर चालणारें, सहा सिलिंडरांचें व सुमारें ४.४ लिटर मापाचें असून त्याची शक्ति सुमारें ९० अश्वशक्ति आहे. गिअर पांच, त्यांच्या पाठीमागें चालना पुढें-मागें वांटून देणारी व जड-हलका वेग निवडणारी दुसरी पेटी. पेट्रोलची टांकी १५१ लिटरांची. रस्ता नसलेल्या मुलुखांत वाहावयाचें ओझें ५,००० पौंड, म्हणजे सुमारें २,२७० किलोग्रॅम. अधिकांत अधिक वेग ताशीं ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर. हे आंकडे ध्यानांत ठेवावेत. कारण ट्रकाचा सांगाडा दांडगा दिसतो म्हणून त्यावर हल्लींच्या ट्रकाइतकें ओझें लादणें व हल्लींच्या वेगानें तो पिटाळणें हीच त्याच्या नाशाची सुरुवात असते.

घेण्यापूर्वींची पाहणी

बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत, खूर व चाल पाहतों. शिंगांना लावलेल्या रंगावर भुलत नाहीं. ट्रकाच्या बाबतींतही हीच दृष्टि ठेवावी. नवा हिरवा रंग व पांढरा तारा हीं चार दिवसांच्या कामाचीं फळें आहेत. सांगाड्यांतील भेग व इंजिनाच्या ठोकळ्यांतील तडा हे महिनोगणती काम लावतात.

पहिल्यानें चालकासमोरील फळीवरच्या धातूच्या पाट्या वाचाव्यात. त्यांवर नमुना, अनुक्रमांक व वेगाची मर्यादा दिलेली असते. पाटीवरील अनुक्रमांक सांगाड्यावर ठोकलेल्या अंकाशीं व कागदपत्रांशीं ताडून पाहावा. युद्धानंतर कित्येक सैन्यांनीं हे ट्रक अनेक वर्षें वापरले व आपल्या कारखान्यांत उकलून पुन्हां जुळविले; त्यामुळें एकाचें इंजिन दुसऱ्यास व तिसऱ्याचा अॅक्सल चवथ्यास बसविलेला आढळतो. यांत लबाडीच असते असें नाहीं, परंतु सुटे भाग मागवितांना घोंटाळा होतो. विशेषतः या ट्रकांत दोन प्रकारचे अॅक्सल येत असत. एकाची पेटी मध्यभागीं उभी दुभागलेली व बोल्टांनीं जोडलेली; दुसऱ्याची गोल, अखंड व मागें झांकण असलेली. दोहोंचे दांतेरी भाग एकमेकांस चालत नाहींत. आपला अॅक्सल कोणत्या जातीचा हें समजल्यावांचून एकही भाग मागवूं नये.

त्यानंतर खालीं शिरून सांगाड्याच्या दोन्ही लांब पट्ट्या तारेच्या ब्रशानें साफ कराव्यात व स्प्रिंगा बसविलेल्या जागीं, आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांशीं व रिबिटांभोंवतीं भेगा आहेत काय तें पाहावें. युद्धकाळांत पोलाद वांचविण्यासाठीं कांहीं ट्रकांच्या हौद्याचा तळ व बाजू लांकडी केल्या होत्या. तसा हौदा असल्यास जेथें लांकूड पोलादी पट्टीवर टेकतें तेथें तें कुजलेलें असतें. तेथें टोंचा खुपसून पाहावा.

आधीं थांबविणें, मग चालविणें

नव्या मालकाची सर्वांत मोठी ओढ इंजिन चालूं करण्याकडे असते. इंजिनाचा आवाज ऐकला म्हणजे त्यास आपला पैसा सार्थकीं लागला असें वाटतें. मग तो आवारांत एक फेरी मारतो, आणि ब्रेक लागत नाहींत हें त्यास भिंतीजवळ गेल्यावर कळतें. यास्तव कामाचा क्रम उलटा ठेवावा. जें यंत्र थांबवितां येत नाहीं तें चालूं करूं नये.

या ट्रकाचे पायाचे ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतात. एकच मास्टर सिलिंडर, व त्यापासून निघालेली एकच नळी-परंपरा सहाही चाकांकडे जाते. हल्लींच्या गाड्यांत दोन स्वतंत्र परंपरा असतात. एक तुटली तरी दुसरी काम देते. येथें तशी सोय नाहीं. एक रबरी नळी फुटली, किंवा सांगाड्यालगत चिखलांत गंजलेली एक पोलादी नळी गळूं लागली, कीं पायदळ तळाला जातें व सहाही चाकें मोकळीं होतात. म्हणून नळ्या ‘दिसण्यांत बऱ्या’ आहेत कीं नाहींत हा विचारच करूं नये; रबरी नळ्या सर्व बदलाव्यात, पोलादी नळ्यांपैकीं ज्यांवर खड्डे पडलेले दिसतील त्या बदलाव्यात, आणि मास्टर सिलिंडर व चाकांचे सिलिंडर उकलून आंतील गंज पाहावा. सिलिंडराची आंतील भिंत खडबडीत झाली असल्यास नवें रबर कांहीं दिवसांतच फाटतें.

द्रव भरतांना दोन गोष्टी पाळाव्यात. ब्रेकच्या व्यवस्थेंत इंजिनाचें तेल किंवा दुसरें कोणतेंही खनिज तेल चुकूनही जाऊं देऊं नये. त्यानें आंतील रबर फुगून ब्रेक जाम होतात. दुसरें, नेहमींचा ब्रेकचा द्रव हवेंतील ओल शोषून घेतो व त्यायोगें नळ्या आंतून गंजतात. म्हणून तो ठराविक मुदतीनें बदलावा. सिलिकोनचा द्रव ओल शोषीत नाहीं, परंतु तो जुन्या द्रवांत मिसळूं नये. घालावयाचाच असल्यास सर्व व्यवस्था आधीं धुऊन घ्यावी.

पायाच्या जोरास साहाय्य म्हणून इंजिनाच्या शोषणशक्तीवर चालणारें एक उपकरण सांगाड्यास लावलेलें असतें. इंजिन बंद असतां हें साहाय्य मिळत नाहीं व पायदळ फार जड लागतें. म्हणून इंजिन बंद करून उतारावर ट्रक सोडूं नये. ब्रेकच्या टाकींतील द्रव कमी होत आहे, परंतु बाहेर कोठेंही गळती दिसत नाहीं, आणि धुराड्यांतून पांढरा धूर येतो, अशी तिन्ही लक्षणें दिसल्यास या उपकरणांतील रबर फाटून द्रव इंजिनांत ओढला जात आहे असें समजावें.

हाताचा ब्रेक चाकांवर नसून चालना वांटणाऱ्या पेटीच्या मागील बाजूस, मागें जाणाऱ्या दांड्यावर आहे. हें न कळल्यामुळें अपघात होतात. दुरुस्तीसाठीं हा दांडा सोडविला, कीं हाताचा ब्रेक कितीही ओढला तरी ट्रक मोकळाच राहतो. म्हणून खालीं शिरण्यापूर्वीं चाकांस दोन्ही बाजूंनीं लांकडी पाचरी लावाव्यात.

ब्रेकच्या जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असतें. त्याची धूळ फुफ्फुसांत गेल्यास कित्येक वर्षांनंतर प्राणघातक रोग होतात. म्हणून ढोल काढल्यावर आंतील धूळ हवेच्या झोतानें किंवा तोंडानें फुंकूं नये. ती ओल्या फडक्यानें पुसावी व फडकें बंद पिशवींत घालून टाकावें. क्लचच्या अस्तरासही हाच नियम. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असल्यानें रंग कोरडा घांसूं नये. आणि अंधारांत चमकण्यासाठीं त्या काळच्या कांहीं मोजयंत्रांच्या अंकांवर रेडियमयुक्त रंग लावलेला असे, म्हणून असल्या तबकड्या उघडून खरवडूं नयेत.

चाकें व टायर

जॅक हें उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. ट्रक उचलला म्हणजे सांगाड्याखालीं पोलादी घोड्या किंवा रेल्वेच्या स्लीपरांसारखे जाड लांकडी ठोकळे द्यावेत. विटा किंवा दगड यांवर विश्वासूं नये. वीट ओझ्याखालीं एकाएकीं फुटते.

चाकांचे नट सोडवितांना एक गोष्ट लक्षांत ठेवावी. उजव्या बाजूच्या चाकांचे आटे नेहमींच्या दिशेचे, तर डाव्या बाजूच्या चाकांचे उलट दिशेचे असतात. हें न समजून जो मनुष्य डाव्या बाजूस लांब नळी लावून जोर करतो, तो नट सोडवीत नसून आंवळीत असतो, आणि शेवटीं बोल्ट मोडून बसतो. मागील जोडचाकांत आंतील चाक एका टोपीसारख्या नटानें व बाहेरील चाक त्यावर बसणाऱ्या दुसऱ्या नटानें धरलेलें असतें. आंतील नट आंवळण्यापूर्वीं बाहेरील नट सैल करावा लागतो. नुसता बाहेरचा आंवळला तर आंतील चाक ढिलेंच राहून बोल्ट झिजवितें. चाक बसविल्यानंतर थोडें अंतर चालवून सर्व नट पुन्हां तपासावेत.

सर्वांत मोठा धोका चाकाच्या कड्यांत आहे. टायर रिमवर अडकवून ठेवण्यासाठीं एक सुटी पोलादी कडी खाचेंत बसविलेली असते. टायरमध्यें सुमारें ५५ पौंड दाब असतो, म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर ५५ पौंड. हा दाब केवळ ३०० चौरस इंचांवर पडतो असें धरलें तरी एकंदर जोर १६,५०० पौंड, म्हणजे सुमारें साडेसात टन होतो. कडी गंजलेली, वांकलेली किंवा खाचेंत नीट न बसलेली असल्यास ती हवा भरतांना तोफेच्या गोळ्याप्रमाणें उडते. यासाठीं नियम असे : चाक ट्रकावरून काढण्यापूर्वीं त्यांतील सर्व हवा व्हॉल्व्हचा गाभा काढून सोडावी, जोडचाकांपैकीं एक काढावयाचें असलें तरी दोहोंचीही हवा सोडावी, हातोड्यानें कडी ठोकण्याचा प्रसंग हवा भरलेली असतां कधींही आणूं नये, आणि हवा भरतांना चाक पोलादी पिंजऱ्यांत ठेवून लांब नळीनें, बाजूस उभें राहून भरावी. ज्याच्याकडे पिंजरा नाहीं त्यानें हें काम घरीं न करतां मोठ्या वाहनांचे टायर बसविणाऱ्या जाणत्या कारागिराकडे न्यावें. यांत कमीपणा कांहींच नाहीं.

टायरच्या नक्षीवरून त्याचें आयुष्य ठरवूं नये. उभ्या राहिलेल्या ट्रकाच्या टायरची नक्षी शाबूत असते, परंतु बाजूच्या भिंतींना बारीक भेगा पडून आंतील सूत कुजलेलें असतें. शिवाय मागील दोन अॅक्सलांमध्यें वेग सांवरणारी पेटी नसल्यामुळें सर्व चाकें सारख्या घेराचीं असलीं पाहिजेत. एक जोडी नवी व एक झिजलेली अशी बसविल्यास दोन्ही अॅक्सल एकमेकांशीं झगडतात, आणि त्या झगड्यांत दांते व दांडे झिजतात.

इंजिन जागें करणें

आतां इंजिनाकडे वळावें. पुष्कळ वर्षें न चाललेलें इंजिन बॅटरी लावून एकदम फिरविणें म्हणजे सिलिंडरांतील गंजानें पिस्टनांच्या कड्या तोडणें होय. प्रथम तेलाची दांडी काढून पाहावी. तेल दुधासारखें पांढुरकें दिसल्यास त्यांत पाणी शिरलें आहे. डोकें व ठोकळा यांमधील गॅस्केट गेलें असेल, किंवा ठोकळा तडकला असेल. थंड देशांत पाणी गोठून ठोकळे फुटतात, म्हणून तिकडील ट्रक घेतांना ही पाहणी विशेष करावी.

तेल चांगलें असल्यास सहाही स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरांत थोडें पातळ तेल सोडावें व एकदोन दिवस तसेंच राहूं द्यावें. नंतर पुढील बाजूनें हँडल लावून, प्लग न बसवितां, इंजिन हातानें हळूहळू फिरवावें. अडलें तर जोर करूं नये. मागें-पुढें थोडें हालवून पुन्हां तेल सोडावें. मोकळें फिरूं लागल्यावर खालील तेलाची परात काढून धुवावी. जुन्या इंजिनांत तळाशीं काळा, चिकट गाळ सांचलेला असतो. हल्लींच्या तेलांत मळ सुटा करणारीं द्रव्यें असतात, आणि परात न धुतां असें तेल भरल्यास तो गाळ सुटून तेल ओढणाऱ्या जाळीवर बसतो व इंजिनास तेल मिळेनासें होतें. परात धुतल्यावर मात्र हेंच तेल हितकर आहे. उष्ण हवेंत ३० अंकाचें तेल वापरावें.

त्यानंतर प्लग न बसवितांच स्टार्टरनें थोडा थोडा वेळ इंजिन फिरवून तेलाच्या दाबाचा कांटा हलतो कीं नाहीं तें पाहावें. कांटा हलल्यावरच प्लग बसवावेत. ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४ असा आहे. वितरकाच्या तारा या क्रमानें आहेत हें पडताळून पाहावें. इंजिन चालूं झाल्यावर अर्ध्या मिनिटांत दाब दिसला नाहीं तर तें ताबडतोब बंद करावें.

सिलिंडरांतील दाब मापकानें मोजतांना आंकडा किती यापेक्षां सहाही सिलिंडरांचे आंकडे किती जवळजवळ आहेत याला महत्त्व द्यावें. एखादाच फार कमी असल्यास त्यांत थोडें तेल सोडून पुन्हां मोजावें. आंकडा वाढला तर कड्या झिजल्या आहेत. न वाढला तर दोष बहुधा झडपांत आहे. या साध्या परीक्षेनें पुष्कळ उकलाउकल वांचते.

पेट्रोल, पाणी व वीज

टांकींतील जुनें पेट्रोल आटून त्याचा वार्निशासारखा लेप झालेला असतो. तें ओतून टाकावें, आणि सुरुवातीस छोट्या डब्यांतून स्वच्छ पेट्रोल देऊन इंजिन तपासावें. टांकी काढून धुण्याचें काम सावकाश करावें. रिकाम्या टांकीस डाग देण्याचा किंवा वेल्डिंग करण्याचा घरगुती प्रयोग कोणीं करूं नये. भरलेल्या टांकीपेक्षां रिकाम्या टांकींतील वाफ अधिक स्फोटक असते.

हल्लींच्या पेट्रोलविषयीं आपल्या वाचकांस विशेष सांगितलें पाहिजे. आपल्याच उसाच्या रसापासून व मळीपासून, तसेंच धान्यापासून तयार होणारें इथेनॉल आतां पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत मिसळलें जातें. उसाच्या बागाइतदारास तें लाभाचें आहे. परंतु १९४० च्या सुमाराचें इंजिन त्यासाठीं बांधलेलें नाहीं. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व पंपांतील पडदा मऊ करतें, टांकींतील जुना लेप सुटा करून गाळणींत आणतें, आणि ओल शोषून घेतें. ट्रक फार दिवस उभा राहिल्यास हें पाणी तळाशीं बसून टांकी गंजवितें. यावर उपाय असा : पंपाचा पडदा व सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या आधुनिक रबराच्या बसवाव्यात, गाळणी वारंवार पाहावी, आणि लांब मुदतीसाठीं ट्रक उभा करतांना कार्ब्युरेटर रिकामा करावा. इंजिनाचा दाब कमी असल्यानें तें हलक्या पेट्रोलवर चालण्यासाठींच बनविलेलें आहे. महाग, उंची पेट्रोलचा त्यास कांहीं उपयोग नाहीं.

रेडिएटर नेहमींच्या प्रवाहाच्या उलट दिशेनें धुवावा, म्हणजे अडकलेला गाळ आला त्या वाटेनें परत जातो. इंजिनाच्या ठोकळ्यांतील पाण्याची जागाही तशीच धुवावी. विहिरीचें खारें पाणी घालूं नये. पावसाचें गाळलेलें किंवा ऊर्ध्वपातित पाणी गंजरोधक द्रव्य मिसळून घालावें.

विजेची व्यवस्था ६ व्होल्टची आहे. तेवढेंच काम करण्यास ६ व्होल्टच्या तारेंतून १२ व्होल्टच्या दुप्पट प्रवाह जावा लागतो. म्हणून तारा जाड हव्यात. बाजारांतून मोटारीची नेहमींची बारीक केबल आणून बसविली, कीं स्टार्टर कण्हत फिरतो आणि मालक नवीन बॅटरी विकत घेतो. दोष बॅटरीचा नसून तारेचा असतो. बॅटरी, सांगाडा व इंजिन यांमधील जोडाच्या जागा रंग काढून चकचकीत कराव्यात. एवढ्या कामानें पुष्कळदां स्टार्टर, दिवे व पेट्रोलचा कांटा एकाच दिवसांत सुधारतात.

वंगण आणि चालना

गाडीच्या आंसाला वंगण नसलें तर ती कुरकुरून मालकास सांगते; ट्रक सांगत नाहीं, तो मुकाट्यानें झिजतो. प्रत्येक दांड्याच्या सांध्यास, स्प्रिंगांच्या खुंट्यांस व सुकाणूच्या जोडांस ग्रीसचीं तोंडें आहेत. त्यांवरील जुना रंग व चिखल काढून, नवें ग्रीस दुसऱ्या बाजूनें बाहेर येईतों भरावें. बाहेर न आल्यास तोंड बदलावें किंवा सांधा उकलावा. ‘थोडें तरी गेलें असेल’ असें मानूं नये. पुढील चाकांच्या वळणाऱ्या सांध्यांत पाणी शिरल्यास ग्रीस मळकट दुधासारखें होतें. तसें दिसतांच तें उकलून धुवावें.

गिअरच्या पेटींत कांशाचे भाग असल्यास हल्लींचें अतितीव्र गिअर-तेल घालूं नये. त्यांतील द्रव्यें कांशास खातात. तेल विकत घेतांना जुन्या पेट्यांसाठींचें सौम्य तेल मागावें. गिअर बदलतांना क्लच दोनदां दाबावा लागतो : एकदां गिअर सोडवितांना व एकदां दुसरा घालतांना. नवशिक्यानें घाई केली तर दांते बोलतात, व तो आवाज पैशांचा असतो.

पुढील चाकांची चालना चिखलांत, वाळूंत किंवा ओल्या चढावरच जोडावी. पुढील व मागील अॅक्सलांमध्यें वेगांतील फरक सांवरणारी योजना नाहीं. वळणावर पुढील चाकें लांब मार्ग चालतात, आणि कोरड्या पक्क्या रस्त्यावर चाकांस घसरण्यास जागा नसल्यानें तो ताण दांडे व दांते यांवर येतो. नांगरलेल्या शेतांत जें साधन आधार देतें तेंच डांबरी रस्त्यावर यंत्र मोडतें.

कागदपत्रें, नोंदवही व खर्च

भारतांत २०२१ सालीं पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठीं स्वतंत्र नियम झाले. परंतु ते दुचाकी व प्रवासी चारचाकी वाहनांपुरते आहेत. मालट्रक त्यांत बसत नाहीं. म्हणून असें वाहन घेण्याचा विचार असल्यास पैसे देण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करून उत्तर घ्यावें. ज्याचे कागद नाहींत असा ट्रक कितीही स्वस्त मिळाला तरी तो रस्त्यावर आणतां येत नाहीं.

अमेरिकन युद्धखात्यानें या ट्रकासाठीं टी. एम. ९-८०१ या क्रमांकाचें चालक व दुरुस्तीचें पुस्तक काढलें होतें. त्याच्या प्रती आजही मिळतात. पहिला पाना विकत घेण्याआधीं हें पुस्तक घ्यावें. त्याजवळच एक साधी वही ठेवावी : कोणत्या दिवशीं काय उकललें, कोणता भाग कोठून आणला, किती किलोमीटरांवर तेल बदललें. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यांत ठेवावा व उकलण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें. सहा महिन्यांनंतर कोणता बोल्ट कोठला हें स्मरणावर सांगणारा मनुष्य विरळा.

खर्चाचा क्रमही कामाच्या क्रमाप्रमाणेंच असावा. पहिला पैसा ब्रेकांवर, दुसरा चाकें व टायरांवर, तिसरा सुकाणूवर, चवथा इंजिनावर. आणि रंग, हौदा व ताडपत्री यांवर सर्वांत शेवटीं. बहुतेक अर्धवट राहिलेले ट्रक याच्या उलट क्रमानें सुरू झालेले असतात. शोभा आधीं येते, पैसा संपतो, आणि रंगविलेला ट्रक पुन्हां गवतांत उभा राहतो. दर पंधरवड्यास ट्रक थोडा चालवावा, इंजिन पुरतें तापूं द्यावें, ब्रेक कांहीं वेळां लावून पाहावेत, आणि उतरल्यावर खालीं कोठें ठिबका पडला आहे काय तें पाहून वहींत टिपून ठेवावें. हा ट्रक बांधणाऱ्यांनीं तो साध्या पान्यानें, उघड्या मैदानांत, सामान्य शिपायाकडून दुरुस्त व्हावा अशाच बेतानें बांधला होता. शेतकऱ्याच्या अंगीं जी धिमेपणाची व रोज नजर टाकण्याची संवय असते, तीच त्यास पुरेशी आहे. मात्र ती चालविण्याच्या हौसेच्या आधीं लावली पाहिजे.